पंचवीस अंशांचं शहाणपण

१२ गुणिले १.७३२ किती?

कॅल्क्युलेटर शोधू नकोस. २०.७८. तुझ्या वहीत तेच लिहिलंय, तुझ्याच अक्षरात. आणि त्याच्या खालच्या ओळीत डेल्टा वाइंडिंगचे वेढे किती? २०. ते दशांश चिन्हापुढचे अठ्ठ्याहत्तर कुठे गेले? जवळचा पूर्णांक २१ आहे हे चौथीतल्या पोराला कळतं. तुला कळलं नाही असं मी क्षणभरही मानत नाही. तू बघितलंस आणि पुढे गेलास. रात्र झाली असेल, झोप आली असेल, सकाळी रिपोर्ट द्यायचा असेल. मला काय त्याचं? ट्रान्सफॉर्मरला तर त्याहून काही नाही.

तुझंच गणित तुलाच मांडून दाखवतो. विमानातला ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायर युनिट. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ आत, २८ व्होल्ट डीसी बाहेर. प्रायमरीला १०८ वेढे, म्हणजे वेढ्यामागे १.०६५ व्होल्ट. स्टार सेकंडरीला १२ वेढे, डेल्टाला २०. स्टारच्या दोन लाइनींत येतात २२.१ व्होल्ट, डेल्टाच्या दोन लाइनींत २१.३. दोन्हींचे ब्रिज तू समांतर जोडलेस. डीसीला फरक किती पडला? व्होल्टच्या वर. २८ व्होल्टच्या यंत्रणेत, मिलीओहमांच्या वाइंडिंगमध्ये, एक व्होल्ट! मग एक ब्रिज मर मर मरणार आणि दुसरा बसून राहणार. बारा पल्स कशासाठी घेतले होतेस? दोन ब्रिजचे पाचवे आणि सातवे हार्मोनिक एकमेकांना मारून टाकतील म्हणून ना? दोन्ही बाजूंनी सारखा करंट गेला तर मारतील. आणि मधला इंटरफेज रिअॅक्टर? त्याच्यात डीसी घुसला की तो संपृक्त होऊन नुसता लोखंडाचा ठोकळा उरतो. २१ वेढे घेतले असतेस तर चूक एका टक्क्यावर आली असती. २० घेतलेस म्हणून चार टक्क्यांच्या घरात गेली. एक वेढा. एका वेढ्याचा कंटाळा.

यालाच पाट्या टाकणं म्हणतात.

आता पुढे ये. कोरमध्ये १.५ टेस्ला धरलेस. कुठल्या व्होल्टेजला? ११५. कुठल्या फ्रिक्वेन्सीला? ४००. विमानातली वीज तुझ्या सोयीने तंतोतंत ११५ आणि ४०० वर उभी राहणार आहे का? मिल-एसटीडी-७०४ हे मानक तू वाचलंस, रिपोर्टच्या मागे नाव टाकलंस. त्यात काय आहे? स्थिर अवस्थेत १०८ ते ११८ व्होल्ट. बदलत्या फ्रिक्वेन्सीच्या यंत्रणेत ३६० ते ८०० हर्ट्झ. लोड एकदम सुटला की काही मिलिसेकंद १८० व्होल्टपर्यंत उसळी. हे सगळं वाचून तू गणित कुठल्या आकड्यावर केलंस? ज्या आकड्यावर सुटतं त्याच्यावर.

कर आता माझ्यासमोर. ११८ व्होल्ट, ३६० हर्ट्झ, तेच १०८ वेढे, कोरचे तेच चार चौरस सेंटिमीटर. १.७१ टेस्ला. हे तर रोजचं, नेहमीच्या उड्डाणातलं. आता १८० व्होल्ट घाल. २.६. सिलिकॉन स्टील दोनच्या आसपास हात वर करतं. कोबाल्ट-लोखंडाचे महागडे पत्रे आणलेस तरी ते २.३५ च्या पुढे नेणार नाहीत. उसळीतही कोर दोनच्या आत ठेवायचा तर नेहमीच्या चालीत १.१५ वर थांबावं लागतं. मग कोर जड होतो. जड झाला की विमानाला परवडत नाही. मग दहा मिलिसेकंदांची उसळी थोडी सोसायची का, किती सोसायची, त्या वेळी प्रायमरीत किती करंट घुसेल, ब्रेकर पडेल का, हे ठरवावं लागतं. हे ठरवणं म्हणजेच डिझाइन, बाबा. बाकी सूत्रात आकडे घालणं कारकुनी आहे. तू कारकुनी केलीस आणि वर डिझाइन असं नाव दिलंस.

"सर, सॉफ्टवेअरमध्ये तर बरोबर येत होतं." येणारच. सॉफ्टवेअरला तू ११५ आणि ४०० सांगितलंस, त्याने ११५ आणि ४०० चं उत्तर दिलं. तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते कुठून देणार? रंगीत चित्रं चिकटवलीस, निळा-हिरवा कोर, कुठे लाल नाही म्हणून खूश. लाल कुठे येतं ते शोधायला बसवलं होतं तुला!

आणि ते नेहमीचं रडगाणं. "सर, मी बपेऱ्याचा. आमच्याकडे काय आहे? पुण्या-मुंबईच्या पोरांना सगळं मिळतं." हे ऐकून ऐकून कान किटले. बपेरा मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे, जगाच्या सीमेबाहेर नाही. तुमसर तालुक्यात जन्मलास ना? मग चिखल्याची आणि डोंगरी बुजुर्गची खाण तुला माहीत असणारच. काय निघतं तिथून? मँगनीज. तुझ्या इंडक्टरचा कोर कशाचा? मँगनीज-झिंक फेराइटचा. लोखंडाचं, मँगनीजचं आणि जस्ताचं ऑक्साइड एकत्र दाबून भाजलं की तो काळा ठिसूळ कोर तयार होतो. तुझ्या कोरमधलं मँगनीज डोंगरीचंच आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या मातीवर मॅग्नेटिक्सचा कच्चा माल पडलाय तिथल्या पोराने 'आमच्याकडे काय आहे' म्हणावं? तोंड कसं उघडतं रे?

सोंड्याटोल्याचे पंप बावनथडीचं पाणी उचलून चांदपूरच्या तलावात टाकतात ते बघत मोठा झालास. धानाच्या हंगामात डीपी जळाली की गाव कसं हवालदिल होतं, हे तुला कुणी शिकवायला नको. डीपी का जळते? पाटीवर लिहिलेल्या लोडवर जळत नाही. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, करंट चढला, दुपारचं ऊन वर होतं, तेव्हा जळते. नेहमीच्या दिवसावर विसंबलेल्या यंत्राचं वाईट दिवशी काय होतं, हे पुस्तकात वाचण्याआधी तू बांधावर उभा राहून पाहिलंयस. आणि विमानाचा ट्रान्सफॉर्मर करायला बसलास की तेवढंच नेमकं विसरलास?

तुमच्याकडच्या बाजारात मोटर भरणारे कसे काम करतात बघितलंस ना? सुट्टीत तिथे बसायचास हे तूच मला सांगितलंस. जळकी कॉइल कापतात, पण आधी मोजतात. एकेक टर्न बोटाने बाजूला करून मोजतात. तारेवरचं इनॅमल जाळून, पुसून, मग गेज लावतात. वहीत लिहून ठेवतात. स्लॉटमध्ये कागद नीट बसला नाही तर काढून पुन्हा घालतात. व्हार्निश पाजलं की सुकेपर्यंत मोटर हातात देत नाहीत, शेतकरी दारात ओरडत असला तरी. त्यातल्या कुणाला मॅक्सवेल माहीत नसेल. पण २०.७८ चे २० त्यांनी केले नसते. कारण मोटर परत आली तर तोंड त्यांनाच दाखवायचं असतं. तुझा रिपोर्ट परत येत नाही, म्हणून तू निर्ढावलास.

जाऊ दे. तुझ्या कॉन्व्हर्टरच्या इंडक्टरकडे वळू. खरा राग मला तिथे आला.

५० मायक्रोहेन्री हवे होते, ४० अॅम्पियर शिखर करंटला. सोळा वेढे, मधल्या पायाचं क्षेत्रफळ ३५३ चौरस मिलिमीटर. गॅप काढलास २.२७ मिलिमीटर. इथपर्यंत ठीक. कागदाच्या पट्ट्या घालून कोर बांधलास, टेबलावर एलसीआर मीटर लावलास, आणि वहीत काय लिहिलंस? 'अपेक्षित ५०, मिळाले ६०, निकाल उत्तम.'

उत्तम? दहा मायक्रोहेन्री फुकट कुठून आले, हा प्रश्न एकदाही पडला नाही? मोठ्या गॅपपाशी फ्लक्स सरळ रेषेत जात नाही, बाहेर फुगतो. गॅपचं क्षेत्रफळ वाढल्यासारखं होतं, रिलक्टन्स घटतो, इंडक्टन्स वाढतो. हे तुला येतं. तोंडी परीक्षेत तू मला फळ्यावर काढून दाखवलं होतंस. मग पुढचं पाऊल का नाही टाकलंस? इंडक्टन्स वाढला म्हणजे तेवढ्याच करंटला कोरमधला फ्लक्स वाढला. ५० ला तुझा कोर ०.३५ टेस्लावर होता. ६० ला तो ०.४२ च्या वर गेला. कॅटलॉगात संपृक्ततेचा आकडा किती? साधारण ०.५, म्हणून तू निवांत. पण तो आकडा कुठल्या तापमानाचा? पंचवीस अंशांचा. त्याच पानावर, त्याच रकान्याखाली, शंभर अंशांचा आकडा छापलाय. तो ०.४ च्या आत आहे. दोन ओळींचं अंतर. नजर खाली न्यायचे कष्ट झाले नाहीत?

म्हणजे तुझा इंडक्टर गरम झाला की नेहमीच्या करंटलाच कोलमडणार. ओव्हरलोडचा ६० अॅम्पियर तर सोडूनच दे. इंडक्टन्स एकदम पडेल, करंट सुईसारखा उसळेल आणि तुझे मॉस्फेट फुटतील. एलसीआर मीटरने हे का नाही सांगितलं? कारण तो मिलिअॅम्पियरांत मोजतो, गारठलेल्या कोरवर. तुला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही तू तोच मीटर लावलास, कारण तो हवं ते उत्तर देतो. याला अज्ञान म्हणत नाहीत. याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

फुगलेला फ्लक्स आणखी एक काम करतो. गॅपच्या शेजारी जे वेढे असतात त्यांच्यात घुसून तांबं भाजतो. पहिला थर तू गॅपला चिकटवून गुंडाळलास. का? बॉबिन तेवढीच होती म्हणून? एक मोठा गॅप तोडून तीन छोटे करता आले असते. वाइंडिंग गॅपपासून थोडं दूर ठेवता आलं असतं. फेराइट सोडून पावडर कोर घेता आला असता, त्यात गॅप सगळीकडे विखुरलेला असतो. यातला एकही पर्याय तुझ्या वहीत खोडलेला नाही. पर्यायच नाहीत तर तू निवडलंस काय?

तांब्याचंच बोलायचं तर बोलू. १०० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागापासून ०.२१ मिलिमीटरच्या कातड्यात वाहतो. तू डीसी रेझिस्टन्स मोजून तांब्याचा लॉस काढलास. १९६६ मध्ये डॉवेलने सूत्र देऊन ठेवलंय, साठ वर्षं होत आली. ज्या पट्टीची जाडी स्किन डेप्थएवढी आहे ती सहा थरांत गुंडाळली की एसी रेझिस्टन्स डीसीच्या जवळपास पाचपट होतो. पाचपट! तेच सहा थर तीन-तीन करून मध्ये सेकंडरी घातली तर दुपटीच्या आत येतो. तांबं तेवढंच, कोर तोच, वजन तेच. फक्त गुंडाळायची क्रमवारी बदलायची. तू काय केलंस? कॉन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरला सगळी प्रायमरी आत, सगळी सेकंडरी बाहेर. कारण तसं गुंडाळायला सोपं. मग तापला की वर पंखा लावायचा. विमानात तो पंखा कुणाच्या भरवशावर चालणार आहे?

चाळीस हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि घनता पावपट. उष्णता वाहून न्यायला हवाच नाही. आणि विरळ हवा इन्सुलेशनचीही वैरीण. १८८९ पासून पाशेनचा नियम जगाला माहीत आहे. हवेत सुमारे ३२७ व्होल्टच्या खाली ठिणगी पडत नाही, आणि त्या तळाच्या व्होल्टेजला पडायला दाब आणि फट यांचा एक ठरावीक गुणाकार लागतो. चाळीस हजार फुटांवर तो गुणाकार कुठे जुळतो? ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तार आणि बॉबिन यांच्यात व्हार्निश न पोचलेली, केसाएवढी फट. तुझ्या कॉन्व्हर्टरची बस आहे अधिक-उणे २७० व्होल्टची. टोकापासून टोकापर्यंत ५४०. आता सांग, व्हार्निशमध्ये नुसतं बुडवून काढलेली तुझी कॉइल, जिचं व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन करायला 'वेळ नव्हता', तिच्यात अशा फटी किती असतील? जमिनीवर हाय-पॉट टेस्ट पास झाली म्हणतोस. जमिनीवर!

हे सगळं हवेतलं बोलणं वाटत असेल तर नागपूरकडे बघ. तुझ्या खोलीपासून मिहान किती लांब आहे? तिथे २०१५ पासून एअर इंडियाच्या विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारं केंद्र उभं आहे, बोइंगने बांधून दिलेलं. एअर इंडियाकडे ७८७ विमानं २०१२ पासून आहेत. त्या विमानात इंजिनांवर २५० केव्हीएचे चार जनरेटर आणि शेपटातल्या एपीयूवर २२५ केव्हीएचे दोन. सगळे मिळून १,४५० केव्हीए. केबिनमध्ये हवा भरणारे कॉम्प्रेसरसुद्धा विजेवर. २३५ व्होल्टची, ३६० ते ८०० हर्ट्झ हेलकावे खाणारी वीज ऑटोट्रान्सफॉर्मर रेक्टिफायरमधून जाऊन अधिक-उणे २७० व्होल्ट डीसी होते. तुझ्या कॉन्व्हर्टरची बसही हीच. दुसरीकडे ओझरला १९६४ मध्ये उभा राहिलेला एचएएलचा कारखाना लढाऊ विमानं जोडत आलाय, आता तेजसही. आपल्याच राज्यात ही विमानं उडतात, उघडली जातात, जोडली जातात. त्यांच्या पोटातले ट्रान्सफॉर्मर आणि इंडक्टर मात्र दुसऱ्यांनी डिझाइन करायचे आणि आपण सुटे भाग म्हणून मागवायचे, हे तुला टोचत नाही? मला टोचतं. म्हणून तुझ्यामागे लागतो.

पुस्तक मिळत नाही हेही सांगू नकोस. आयआयटी मुंबईच्या कुलकर्णी आणि खापर्डे यांचं ट्रान्सफॉर्मर इंजिनिअरिंगचं पुस्तक २००४ मध्ये आलं. जगभर वाचतात. कुलकर्णींनी आधी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जमध्ये कारखान्यात काम केलं, मग शिकवायला गेले. म्हणून त्यात स्ट्रे फ्लक्स टाकीच्या भिंतीत किती वॉट जाळतो याचा हिशेब आहे, नुसती समीकरणं नाहीत. ते मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं पुस्तक आहे, विमानाचं नाही, मान्य. पण एडी करंट ५० हर्ट्झला वेगळ्या जातीचा असतो का? विमान आणि अंतराळयानांसाठी मॅकलायमनचं हँडबुक आहे. ते तुझ्या टेबलावर मी स्वतः ठेवलं होतं. त्यातली खूण अजून तिसऱ्या प्रकरणात आहे.

सगळ्यात वाईट काय माहीत आहे? तुझ्या रिपोर्टमधलं शेवटचं प्रकरण. 'भविष्यातील काम.' त्यात काय लिहिलंस? तापमानाचा परिणाम, उंचीचा परिणाम, बदलत्या फ्रिक्वेन्सीचा परिणाम, ओव्हरलोड. अरे, हेच तर काम होतं! जे करायचं होतं ते सगळं उद्यावर ढकललंस आणि जे कुणीही केलं असतं तेवढं आज केलंस. त्या यादीवरूनच सिद्ध होतं की तुला सगळं दिसत होतं. न दिसणाऱ्यावर मी कधी ओरडत नाही. त्याला हाताला धरून दाखवतो. तुला दिसत होतं आणि तू मान फिरवलीस.

'मार्क तर चांगले मिळाले सर.' मिळाले. परीक्षकाने पानं चाळली, चित्रं बघितली, सही केली. त्याच्या सहीने तुझा कोर थंड राहणार आहे का? धानाची बांधी विकून नव्हे, पण रोवणीच्या मजुरीतून पै पै बाजूला काढून तुझ्या बापाने फी भरली. त्याला तू सांगतोस की मी विमानाचं काम करतो. तो गावभर अभिमानाने सांगत फिरतो. त्याला खोटं पाडू नकोस.

मी दुसऱ्या कुणावर एवढा वेळ घालवत नाही. या वर्गात फ्रिंजिंग फ्लक्स न बघता फळ्यावर काढू शकणारा तू एकटा आहेस. गॅपमधली ऊर्जा कोरमधल्यापेक्षा जास्त का, हे तू दुसऱ्या वर्षात एका वाक्यात सांगितलं होतंस. तोच मुलगा २०.७८ चे २० करतो तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. येत नाही म्हणून नाही केलं, तर मी समजू शकतो. येतं आणि करत नाही, याला काय औषध?

औषध नाही, पण काम आहे. डेल्टाचे २१ वेढे घालून सेकंडरी पुन्हा गुंडाळ आणि दोन्ही ब्रिजचे करंट वेगवेगळे मोजून आण. कोरची फ्लक्स डेन्सिटी ३६० हर्ट्झला काढ, ११८ ला आणि १८० ला, आणि किती सोसायचं ते कारणासह लिही. कॉन्व्हर्टरची प्रायमरी तोड आणि मध्ये सेकंडरी घाल. किचकट आहे, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. व्हॅक्यूमची सोय आपल्या विभागात नसेल तर नागपुरात ट्रान्सफॉर्मर करणारे आहेत, त्यांच्या दारात जाऊन उभा राहा, विनंती कर. लाजू नकोस. आणि तो इंडक्टर ओव्हनमध्ये ठेव. शंभर अंशांवर तासभर मुरू दे. मग ४० अॅम्पियरचा पल्स दे, स्कोपवर करंटचा उतार बघ, कुठे वाकतो तिथे पेन्सिलने खूण कर, आणि तो कागद मला आणून दे. गार कोरचे आकडे मी उघडूनही बघणार नाही.